मागच्या सीटपर्यंत

फुली या खेपेला खाली सरकली होती.

दोन पारदर्शक पट्ट्या भिंतीतल्या भेगेवर आडव्या चिकटवलेल्या होत्या. एक भेगेच्या डावीकडे, दुसरी उजवीकडे, आणि मध्ये दोघी एकमेकींवर आलेल्या. खालच्या पट्टीवर मिलिमीटरच्या घरांची जाळी, वरच्या पट्टीवर केसाएवढ्या रेघांची तांबडी फुली. भेग रुंदावली की फुली उजवीकडे जायची, आणि आजवर ती उजवीकडेच जात आली होती. आज ती एक घर खाली उतरली होती. उजवीकडे जाणं म्हणजे भिंत फाटते आहे. खाली जाणं म्हणजे भिंतीचा पायाच बसतो आहे.

भिंत मोजणाऱ्या बाईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा टिपून घेतला. भिंतीतून पाणी जायला ठेवलेल्या भोकांमध्ये बोट घातलं. वर टेकडी ओली होती आणि भोकं कोरडी होती. म्हणजे पाणी भिंतीच्या पाठीशी साचत होतं. मग ती वळून सात-आठ पावलांवरच्या आपल्या घरात चहा टाकायला गेली.

टेकडी कापून केलेल्या सपाटीवर ही बैठ्या घरांची एक रांग होती आणि टेकडीला थोपवून धरणारी दगडी भिंत घरांच्या पाठीला, छपरांहूनही उंच. ती शहराच्या बांधकाम सुरक्षा विभागात कामाला होती. शहरातल्या सगळ्या जुन्या भिंती मोजणं हे तिचं काम. त्यातली एक तिच्याच घरामागे होती, एवढंच.

"काय म्हणते तुझी भिंत?" खाटेवर बसलेल्या वडिलांनी विचारलं.

"ठीक आहे."

"तुझं 'ठीक आहे' तुझ्या आईसारखंच आहे. तापानं फणफणली तरी ठीक आहे."

वडील बस कंडक्टर होते. नोकरीत असताना त्यांच्या आवाजाची ख्याती होती. गच्च भरलेल्या बसमध्ये ते दारातून "पुढे सरका!" म्हणाले की बसच्या नाकापर्यंत माणसं सरकायची. आता त्यांची नजर गेली होती. पूर्ण नाही, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. पण या घरात ते बिनधास्त वावरत. दारापासून खाटेपर्यंत, खाटेपासून मोरीपर्यंत, तिथून मागच्या पायरीपर्यंत. कपात चहासुद्धा स्वतः ओतून घेत, कप किती भरला ते आवाजावरून ओळखत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा सुचवलं होतं की दवाखान्याजवळ जागा बघा. तेव्हा ते म्हणाले होते, "या घरात मी आंधळा नाही. बाहेर काढलंत की होईन."

त्यामुळे तिनं तो विषय पुन्हा काढला नव्हता. शिवाय विभागाचा नियम होता. धोक्याच्या भिंतींबद्दल ठरवणाऱ्या शहर समितीचा निर्णय होईपर्यंत मोजमापांबद्दल रहिवाशांशी बोलायचं नाही. तिच्या आधी त्या खुर्चीवर असलेल्या माणसानं एकदा एका भिंतीखालच्या लोकांना आपणहून सांगितलं होतं. लोक घरं सोडून गेले. ती भिंत आजही उभी आहे आणि गेलेल्यांपैकी कुणालाही घर परत मिळालं नाही. तो माणूस आता भांडार विभागात टाचण्या आणि फायली मोजतो. त्याला सगळे 'भविष्य' म्हणतात. "काय भविष्य, जेवलास का?"

वडिलांना एकट्यांना हलवलं असतं तरी रांगेला कळलंच असतं. भिंती मोजणारी बाई बापाला घेऊन निघाली, याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. आणि न सांगता निघून जाणं तिच्या कल्पनेतही बसत नव्हतं. म्हणून ती थांबली होती. समिती ठरवेल, मग सगळेच निघतील. त्यासाठी समितीला पटवायचं होतं. नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

पहिल्यांदा ती समितीपुढे उभी राहिली तेव्हा पडद्याकडे तोंड करून बोलली होती. आलेखामागून आलेख. 'उपलब्ध नोंदींवरून असं म्हणता येईल', 'मोजमापातली चूक लक्षात घेता', 'शक्यता नाकारता येत नाही'. मागच्या रांगेतल्या एका सदस्याची मान छातीवर आली होती. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "मॅडम, म्हणजे नेमकं काय?" तिनं नेमकं सांगायला सुरुवात केली. नेमकं सांगायचं तर पायापासून सांगावं लागतं. ती पायापर्यंत पोचायच्या आत वेळ संपली. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

"तुमचं काम सोन्यासारखं आहे हो," बाहेर आल्यावर विभागाचे साहेब म्हणाले. "पण तुम्ही ते असं सांगता की ऐकणाऱ्याला वाटतं, या बाईला स्वतःलाच खात्री नाही."

"खात्री कुणालाच नसते, साहेब. अंदाजच असतो."

"बघा. हेच म्हणतोय मी."

साहेबांनी तिचं नाव प्रभावी सादरीकरणाच्या प्रशिक्षणात घातलं.

कार्यालय सुटल्यावर हा वर्ग वरच्या मजल्यावरच्या सभागृहात भरायचा. प्रशिक्षक बाह्या दुमडलेला, सतत चालत राहणारा माणूस होता. पूर्वी विमा विकायचा. त्यानं पहिल्याच दिवशी तिला उभं केलं आणि म्हणाला, "एका वाक्यात सांगा, तुम्हाला काय हवंय?"

"एका भिंतीखाली राहणारी माणसं... कदाचित..."

त्यानं टाळी वाजवली. "कदाचित! इथून पुढे मॅडम 'कदाचित' म्हणाल्या की सगळ्यांनी टाळी वाजवायची."

वर्गाला खेळ मिळाला. करवसुलीतला कारकून तर टाळी वाजवायला टपूनच बसायचा. पहिल्या आठवड्यात तिच्या प्रत्येक वाक्यावर टाळ्या पडल्या आणि ती कानापर्यंत लाल झाली. दुसऱ्या आठवड्यात कमी पडल्या. मग पडेनाशा झाल्या.

त्या माणसाला त्याचं काम येत होतं, हे तिनं मनाशी कबूल केलं. पडद्याकडे नाही, माणसांकडे बघा. आकडा सांगितला की थांबा, तो त्यांच्या डोक्यात उतरू द्या. हात खिशात नको, पाठीमागे नको. आलेख एकच ठेवा. 'पाण्याचा दाब' म्हणू नका; 'भरलेल्या बादलीला पाठीनं रेटून उभा असलेला म्हातारा' म्हणा. तिला ते आवडलं नाही, पण चूक म्हणता येईना. भिंत म्हातारी होती आणि पाठीनंच उभी होती.

घरी ती वडिलांसमोर सराव करायची. तिनं सगळं बदलून घेतलं होतं. भिंत दुसऱ्याच एका वस्तीतली, घरं दुसऱ्या कुणाची.

"मागच्या सीटवर ऐकू येत नाहीये," वडील खाटेवरून ओरडायचे.

ती आवाज चढवायची.

"आता ओरडतेयस. घशातून नको, पोटातून काढ. आणि हे बघ, गर्दीला सांगायचं असलं ना, तर गर्दीकडे नाही बघायचं. एकाच माणसाकडे बघायचं. ज्याला पुढच्या स्टॉपला उतरायचंय त्याच्याकडे."

"तो कोण ते कसं कळणार?"

"तो आधीच दाराकडे बघत असतो."

एकदा सराव संपला. मग म्हणाले, "कुठली गं ही वस्ती?"

"आहे एक."

"बिचारे," ते म्हणाले आणि चाचपडत नाही, सरळ हात नेऊन त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ती कोट घेऊन शेजारच्या, रांगेतल्या शेवटच्या घरात गेली. तिथे शिंपीण राहायची. रांगेतली सगळ्यात मोठ्या तोंडाची आणि सगळ्यात सुबक टाका घालणारी बाई. तिचं शिलाई मशीन मागच्या खोलीत, भिंतीकडच्या खिडकीपाशी होतं. या टोकाला भिंत घराला लगटूनच होती; खिडकीतून दगड दिसायचे, इतके जवळ की हात बाहेर काढला तर लागतील.

"उभी राहा सरळ. अगं सरळ! बोलायला उभी राहणार ना? मग खांदे दिसायला नकोत?" तोंडात टाचण्या धरून शिंपीण बोलत होती. "पॅड घालते आत. कुणासमोर बोलायचंय?"

"समितीसमोर."

"कशाबद्दल?"

"कामाचं आहे."

"बोल बाई, झोकात बोल. आणि जमलं तर आमच्या मागच्या गटाराचंही काढ. भिंतीपाशी सारखी ओल येते, कापड दमट होतं माझं."

"कधीपासून?"

"हलू नकोस, टोचेल. झाले बरेच दिवस. आधी त्या भोकांतून गळायचं. आता जमिनीतूनच येतं."

ती हलली आणि टाचणी टोचलीच. शिंपीण हसली. "सांगितलं होतं की नाही?"

तिनं तोंड उघडलं. मावशी, मशीन पुढच्या खोलीत घ्या, एवढं तरी म्हणावं. पण त्यापुढे शिंपीण 'का' विचारणार होती. 'का'चं उत्तर अर्धं देता येत नाही. उद्या समिती सांगेल, ती मनात म्हणाली, आणि दुसऱ्या खांद्यासाठी वळली.

शेवटच्या स्लाइडवरून तिचा आणि प्रशिक्षकाचा वाद झाला होता. तिची शेवटची स्लाइड म्हणजे नुसता भेगेचा फोटो होता. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"असं नाही चालत. लोकांना घाबरवलंत, ठीक आहे. पण भीती दाखवून तसंच सोडायचं नसतं. माणूस घाबरला की डोळे मिटून घेतो. शेवटी एक दार उघडं ठेवा. शेवटची स्लाइड नेहमी आशेची."

"इथे आशा नाहीये."

"मॅडम, असं नसतं हो. तुमचा विभाग काहीतरी करत असेलच ना?"

"मोजतो."

"वा! मग तेच टाका."

त्यानं स्वतः बसून ती स्लाइड केली. फिकट निळी पार्श्वभूमी, पट्ट्यांचा स्वच्छ फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'आमची नजर भिंतीवर आहे.' तिला ते वाक्य खोटं वाटलं नाही. नजर होतीच. तिनं ती राहू दिली. आतापर्यंत त्याचं प्रत्येक म्हणणं बरोबर निघालं होतं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे ग्लास, मंद गुणगुणणारा पंखा. ती उभी राहिली. कोटाचे खांदे ताठ होते. तिनं एकाच माणसाकडे पाहिलं, अध्यक्षबाईंकडे.

"एक म्हातारा भरलेल्या हौदाला पाठ लावून उभा आहे," ती म्हणाली. "त्याच्या पायाखालची माती निसटते आहे. त्याच्या समोर अकरा घरं आहेत."

मग ती थांबली. तीन आकडे सांगितले, आणि प्रत्येकानंतर थांबली. आवाज पोटातून येत होता. खोलीत कुणी खोकललंही नाही. मागच्या रांगेतला तो सदस्य टेबलावर पुढे झुकून ऐकत होता. फुली खाली उतरते म्हणजे काय हे तिनं सांगितलं, तेव्हा अध्यक्षबाईंच्या हातातलं पेन थांबलं. दोन सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. वर्षानुवर्षं तिच्या डोक्यात एकटी बसून राहिलेली गोष्ट पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर दिसत होती. तिला वाटलं, झालं.

मग निळी स्लाइड आली.

"आमची नजर भिंतीवर आहे," ती म्हणाली, सरावात म्हणायची तशी, मागच्या सीटपर्यंत जाईल अशी.

आणि तिनं पाहिलं. टेबलाभोवतीचे सगळे खांदे एकदम उतरले. वजन काढून घेतल्यावर काट्याची सुई जशी शून्यावर परत येते, तसे चेहरे परत आले. कुणीतरी श्वास सोडला. कुणीतरी ग्लास उचलला. मग टाळ्या पडल्या.

"फार सुंदर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तर घाबरलोच होतो! पण तुमची नजर आहे म्हटल्यावर..."

"बाई, नजर असल्यानं भिंत थांबत नाही."

"बरोबर आहे. म्हणूनच आठवड्यातून एकदा मोजता ते आता तीनदा मोजा. तसा ठराव घेऊ. चालेल ना, साहेब?"

"चालेल काय, पळेल," साहेब म्हणाले.

"भिंत पडणार आहे," ती म्हणाली. ही ओळ सरावात नव्हती, त्यामुळे आवाज जुना निघाला, घशातला.

"कधी?"

तिला उत्तर माहीत होतं. तेच एक उत्तर तिच्याजवळ होतं.

"ते सांगता येत नाही."

"मग? तसं काही वाटलं की लगेच कळवा," अध्यक्षबाई मायेनं म्हणाल्या. "अकरा कुटुंबं उठवायची म्हणजे खेळ आहे का? कुठे ठेवायची? तुम्ही आहात म्हणून तर आम्हाला काळजी नाही." आणि साहेबांकडे वळून, "बाकीच्या विभागांनाही यांच्याकडे शिकायला पाठवा."

व्हरांड्यात साहेबांनी तिचा हात हातात घेऊन हलवला. "मैदान मारलंत, मॅडम! मागच्या वेळची तुम्ही आणि आजची तुम्ही, कुणाला सांगून खरं वाटणार नाही." करवसुलीतला कारकून जिन्यात भेटला आणि त्यानं नुसतीच एक टाळी वाजवली, गमतीनं. ती हसली नाही. त्याला वाटलं, थकली असेल.

ती घरी चालत गेली. मागच्या वेळी तिला असं म्हणता आलं होतं की मला सांगता आलं नाही. तो एक आधार होता. सांगता आलं की होईल, असं त्या आधाराला धरून ती इतके दिवस भिंतीखाली झोपली होती, बापाला झोपवत होती, सगळ्या रांगेला झोपू देत होती. आज तिला सांगता आलं होतं. त्यांना कळलंही होतं. आता धरायला काही उरलं नव्हतं.

रांगेशी आल्यावर ती आधी भिंतीपाशी गेली. वाकून पाहिलं. फुली सकाळी होती तिथेच होती. एका दिवसात हलायचं तिला काही कारण नव्हतं. अजून आठवडे तशीच राहू शकत होती. अजून वर्षही. लोकांना सांगितलं आणि भिंत पडलीच नाही, तर तिलाही सगळे 'भविष्य' म्हणतील आणि अकरा कुटुंबं तिच्या नावानं बोटं मोडतील. न सांगता भिंत पडली तर बोटं मोडायला कुणी नसेल. दोन्ही बाजूंची वजनं तिनं नीट पाहिली. तिथे उभं राहून ती कितीही वेळ पाहू शकली असती. तिला पाहायचं चांगलं जमत होतं.

मागच्या पायरीवर वडील येऊन उभे होते. पायरीच्या बरोबर मध्यावर, कशाचाही आधार न घेता.

"आलीस? पावलं ओळखली. काय झालं? टाळ्या?"

"पडल्या."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? मग त्या बिचाऱ्यांचं काय ठरलं? हलवतात ना त्यांना?"

"नाही."

"अरेरे. मग आता?"

शेजारच्या खिडकीतला मशीनचा आवाज थांबला. शिंपिणीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय गं, कोट कसा बसला? खांदे बघू. आणि गटाराचं काढलंस का?"

तिनं शिंपिणीकडे पाहिलं. मग वडिलांकडे. त्यांचा चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेनं वळलेला होता, थोडा चुकून, भिंतीकडे. हातातला कप त्यांनी न चाचपता पायरीवर ठेवला. नेहमीच्या जागी, एका बोटाचाही फरक नाही. उद्या ज्या कुठल्या खोलीत ते असतील तिथे त्यांना खाटेवरून उठताना तिचा दंड धरावा लागेल. आणि परवा. आणि त्यानंतर सगळेच दिवस.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदीच खाली गेला होता.

"काय? ऐकू नाही आलं."

"ती वस्ती आपलीच आहे."

त्यांचा हात हवेत उठला आणि दाराची चौकट जिथे असते तिथे जाऊन चौकटीला टेकला.

"ऑफिसनं सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ऑफिस नाही सांगणार."

"मग तुझी खात्री आहे?"

'आहे' म्हणायला प्रशिक्षकानं तिला शिकवलं होतं. नजरेला नजर, छोटं वाक्य, मग थांबायचं.

"नाही," ती म्हणाली. "कदाचित पडेल. कदाचित इतक्यात नाही."

कुणी टाळी वाजवली नाही.

"काय कुजबुजताय बापलेक?" शिंपीण ओरडली. "मोठ्यानं बोला की! काय पडेल?"

रांगेतलं अजून एक दार उघडलं. कुणीतरी कपडे वाळत घालता घालता थांबलं. तिनं तोंड उघडलं, तर कोटाचे खांदे तेवढे ताठ राहिले, आतला सगळा श्वास गेलेला. ती निळी स्लाइड डोळ्यांपुढे आली, आणि ती पुसली जाईपर्यंत तिनं वाट पाहिली.

"मागच्या सीटपर्यंत जाऊ दे, पोरी," वडील हळू म्हणाले. चौकटीवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

"ही भिंत पडणार आहे," ती म्हणाली. "कधी ते मला माहीत नाही. राहायला कुठे जायचं तेही माहीत नाही. मी बाबांना घेऊन आज निघतेय. मावशी, मशीन राहू द्या. तुम्हीही निघा."